अधिकाऱ्याचा पट्टा रेक्झिनचा चालेल का?

बर्डीवाला (धागा सुरू करणारा):

नागपुरातल्या सीताबर्डीच्या लढाईचा प्रसंग, म्हणजे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ चा, त्या काळच्या वेशात मैदानावर उभा करायचा आमचा विचार चालू आहे. एका बाजूला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांचं सैन्य आणि त्यांची अरब तुकडी, दुसऱ्या बाजूला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) जेन्किन्सच्या दिमतीला असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासी पलटणी. सगळं सुरळीत चाललं होतं, पण पट्ट्यांवर गाडी अडली. बहुतेकांचं म्हणणं असं की कपडे चांगले शिवून घेऊ, पट्टे-पिशव्या रेक्झिनच्या चालतील, लांबून कोणाला काय कळतंय?

माझं मत नेमकं उलटं आहे. काटकसर करायचीच तर कापडात करा, चामड्यात नको. अधिकाऱ्याच्या अंगावरचं चामडं शोभेसाठी नव्हतं, प्रत्येक तुकड्याला काम होतं. सॅम ब्राउन पट्टा घ्या. १५ ऑगस्टच्या संचलनात पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावर आपण तो पाहतो. सॅम्युअल ब्राउन हा हिंदुस्थानातल्या घोडदळाचा अधिकारी. १८५८ च्या ऑगस्टात पिलिभीतजवळ तोफेवर चालून जाताना त्याचा डावा हात खांद्यापासून गेला. तलवार उपसताना डाव्या हातानं म्यान धरावं लागतं, नाहीतर पात्याबरोबर म्यानही वर येतं. धरायला हातच उरला नाही, म्हणून कमरेला रुंद पट्टा, त्याला म्यान घट्ट बसेल असं चामड्याचं घर, आणि हे वजन पेलायला उजव्या खांद्यावरून तिरका दुसरा पट्टा अशी रचना झाली. पुढे दोन्ही हात धड असलेल्यांनीही ती उचलली, कारण ती सोयीची होती.

तलवारीच्या मुठीला बांधलेला चामडी फासही असाच. बघणाऱ्याला गोंडा वाटतो, पण मनगटात अडकवला की घोड्यावर तलवार हातातून निसटली तरी खाली पडत नाही. रेक्झिनचा फास एका झटक्यात तुटेल. रेक्झिनच्या पट्ट्याला खरी तलवार लावा, तासाभरात पट्टा खाली झुकतो, म्यान पायात येतं, आणि माणूस अधिकाऱ्यासारखा चालायचं सोडून पट्टा सावरत फिरतो. लांबून पट्टा दिसत नसेल, चाल दिसतेच.

कामठीकर:

चामड्याबद्दल सहमत, पण एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका. सॅम ब्राउनचा जन्म १८२४ चा. १८१७ च्या मैदानात एकाही अंगावर तो तपकिरी पट्टा दिसता कामा नये. हे सांगतोय, कारण बाजारात ‘ब्रिटिश अधिकारी’ म्हणून तयार मिळतं ते बहुतेक हेच, आणि हौशी माणसाचा जीवही याच्यावरच जडतो. १८१७ च्या पायदळ अधिकाऱ्याला हवा तो उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येणारा पांढरा बफ चामड्याचा पट्टा, छातीवर धातूची पाटी आणि कमरेला किरमिजी रेशमी शेला. बफ म्हणजे तेलात कमावलेलं मऊ, जाड चामडं. त्यावर पांढरी माती चोपडून ते शुभ्र ठेवायचे.

दुसरं, कायद्याचं. आजच्या लष्करातलं बक्कल किंवा बिल्ला कोणत्याही पट्ट्यावर नको. आपण सैनिक आहोत असं लोकांना भासवण्याच्या हेतूनं सैनिकाचा वेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसणार, तरी आमच्याकडे कामठीला लष्कराची छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, आणि ते बिल्ले ज्यांनी कमावलेत त्यांच्या छातीवरच ते शोभतात.

महालकर:

माझा विरोध चामड्याला नाही, ‘अधिकाऱ्याच्या’ चामड्याला आहे. २७ तारखेच्या सकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी कोणी घेतली? अरबांनी. तिच्यावरून मोठ्या टेकडीवर मारा कोणी केला? त्यांनीच. तुमच्या बैठकीत त्यांच्या कमरेच्या जंबियाच्या (वाकड्या अरबी कट्यारीच्या) पट्ट्यावर किती वेळ चर्चा झाली? त्यांच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं उडणाऱ्या, बंदुकीबरोबर बारूद कशात ठेवायची, कोणी विचारलं? जो तो कंपनीच्या घोडदळाचा कॅप्टन फिट्झेराल्ड व्हायला निघालाय, कारण त्याच्याकडे घोडा आहे आणि पट्टा आहे.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. जगभर जिथे जिथे असे प्रसंग उभे करतात तिथे अधिकारी जास्त आणि शिपाई कमी पडतात, ही जुनी तक्रार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांचे लांब चामडी कोट लोक केवढ्या आवडीनं घालून मिरवतात! त्या कोटाखाली काय काय घडलं हे माहीत असूनही. चकचकीत चामडं माणसाला हुकूम देणाऱ्याच्या जागी उभं करतं. मला त्याचीच भीती वाटते. ज्यांच्या तोफांनी नागपूरकरांचं राज्य मोडलं आणि १८५४ मध्ये खालसाही केलं, त्यांच्या पट्ट्याचा टाका न् टाका अचूक हवा, आणि भोसल्यांच्या माणसांना मात्र भाड्याचे अंगरखे आणि पुठ्ठ्याच्या ढाली?

बर्डीवाला:

महालकर, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. भोसल्यांच्या बाजूला भाड्याचे अंगरखे नकोतच. पण अडचण कुठे आहे ते बघा. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं ४७ लाखांच्या वर पैसे मोजून परत आणली. पोलाद टिकतं, मुठीवरचं सोन्याचं काम टिकतं. ती तलवार ज्या पट्ट्याला लटकत होती तो आज कोण दाखवणार? कंपनीच्या अधिकाऱ्यांचे नमुने, नियम, चित्रं जपली गेली, म्हणून त्यांचं काम सोपं आहे. आपल्या बाजूचं अवघड आहे म्हणून सोपंही वाईट करायचं, हे मला पटत नाही. आणि वेश घातला की माणूस त्या बाजूचा होतो असंही नाही. शत्रू खरा दिसला तरच लढाई खरी दिसते.

उत्तर नागपूर:

एवढा वेळ चामड्यावर बोलणं चाललंय आणि ते कमावलं कोणी, शिवलं कोणी याचा एक शब्द नाही.

मेलेलं ढोर ओढायचं, कातडं सोलायचं, चुन्यात आणि सालीच्या पाण्यात भिजवायचं, दिवसभर त्या वासात उभं राहायचं. हे काम ज्यांच्यावर लादलं त्यांनाच गावाबाहेर ठेवलं. त्यांच्या हातचं म्यान राजाच्या कमरेला चालायचं, त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, त्यामागे हाच अपमान होता. आमच्या घरात आजोबांनी ते काम सोडलं, त्यासाठी उपासमार सोसली. १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते. जुन्या चामड्याची ओढ वाटणाऱ्या माणसाला हा वास कधी आठवतो का, हे मला खरंच विचारायचं आहे.

तुम्ही करू नका असं मी म्हणत नाही. पण माहितीचा फलक लावाल तेव्हा तलवार कोणाची एवढंच लिहू नका. कातडं कमावणारे आणि शिवणारे कोण होते, त्यांना समाजानं कसं वागवलं, तेही तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. आणि आज ज्याच्याकडून शिवून घ्याल त्याच्याशी घासाघीस करू नका.

अहिंसक:

मला मुळातच जनावराचं कातडं नको. दोन तासांच्या खेळासाठी तर नाहीच. जाड कॅनव्हासला आतून पट्टी लावली की वजन पेलतं. चाल बिघडते हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

रापी-आरी:

मी हेच काम करतो, म्हणून लिहितो. चामडं घ्यायचं असेल तर क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, घेऊ नका, ते पर्स-जॅकेटला ठीक. क्रोममध्ये कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यांत आली, १८१७ ला नव्हती. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं मागा, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते, सालीतल्याची आतपर्यंत तपकिरी. ओल्या फडक्यानं कड घासली की सालीतलं चामडं चकाकतं, क्रोम तसंच भुसभुशीत राहतं. कातडं म्हशीचं घ्या. २०१५ च्या दुरुस्तीपासून राज्यात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्यात नाही.

शिलाई हाताची, दोन सुयांची. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनच्या शिलाईत एक सुटला की ओळ उसवत जाते.

उत्तर नागपूरचं म्हणणं मला लागलं, कारण घासाघीस रोजची आहे. रेक्झिनच्या भावात हातशिलाई मागणारे रोज येतात.

आता माझं मत. अधिकाऱ्याचा पट्टा सरळ पट्टी आहे राजेहो, त्यात कसब कमी. खरं काम आहे शिपायाच्या काडतूसपेटीत. काळ्या चामड्याची पेटी, आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, एकेका भोकात कागदी काडतूस, वरून पाऊस आत जाऊ नये म्हणून खाली लांब उतरणारं झाकण. हात मागं गेला की न बघता काडतूस हाती आलं पाहिजे. पैसे थोडे असतील तर ते या पेटीवर घाला. त्या दिवशी कंपनीच्या बाजूनं उभे राहिलेले बहुतेक आपल्याच देशातले शिपाई होते, आणि झाकण नीट बसलं नाही तर मरणार तोच होता.

कामठीकर:

पेटीचा मुद्दा सोळा आणे खरा. सांभाळायचं कसं तेही सांगा. मागे एकाकडे जुना घोडदळी पट्टा पाहिला. हात लावला तर बोटांना विटकरी भुकटी. एकदा चामडं असं सुटायला लागलं की तेल लावून सुधारत नाही.

रापी-आरी:

त्याला हात न लावणं हेच बरं. नव्याचं सांगतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून हवेशीर कपाटात ठेवा. मे महिन्यात कूलरसमोर किंवा उन्हात नको. तेल अगदी थोडं, वर्षातून एकदा. जास्त तेलानं चामडं ढिलं पडतं.

महालकर:

पेटीवर पैसे घालायचे असतील तर माझा विरोध पुष्कळ कमी होतो. पण मग वाटणी सरळ करा. जितके पैसे कंपनीच्या बाजूच्या चामड्यावर, तितकेच अरबांच्या आणि भोसल्यांच्या शिपायांच्या पट्ट्यांवर, म्यानांवर, ढालींवर. ढाल म्हशीच्या कातड्याची बनू शकते, पुठ्ठा नको. हे लेखी ठरलं तर मी स्वतः वर्गणी देतो आणि अरब तुकडीत उभा राहतो. नाहीतर मला मोजू नका.

बर्डीवाला:

वाटणीचं आणि उत्तर नागपूरच्या फलकाचं पुढच्या बैठकीत मांडतो. फलकाला विरोध होईल असं वाटत नाही, वाटणीवर होईल. अधिकारी व्हायला पाच जण तयार आहेत, त्यांतल्या तिघांना तरी काडतूसपेटी घेऊन रांगेत उभं राहायला सांगावं लागेल.