जिझेल गायची थांबते, तिथेच 'एन्चांटेड' हरतो का?

चोवीसचौकटी

केव्हिन लिमाच्या 'एन्चांटेड'वर (२००७) जीव असणाऱ्यांनी आधी रागावून घ्या आणि मग वाचा.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. अँडलेशिया नावाच्या, हाताने काढलेल्या कार्टून राज्यात जिझेलला राजपुत्र एडवर्ड भेटतो आणि दुसऱ्याच दिवशी लग्न ठरतं. एडवर्डची सावत्र आई राणी नरिसा तिला विहिरीत ढकलते. ती बाहेर येते ती थेट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या गटाराच्या झाकणातून, हाडामांसाची होऊन (एमी अ‍ॅडम्स). घटस्फोटाचे खटले चालवणारा रॉबर्ट (पॅट्रिक डेम्प्सी) आणि त्याची लहान मुलगी मॉर्गन तिला घरी आसरा देतात. मागोमाग एडवर्ड आणि नरिसाही न्यूयॉर्कात येतात. पुढचं ओळखता येईल.

आता माझी तक्रार. जिझेल चित्रपटात तीन गाणी म्हणते: पहिलं कार्टूनमध्ये, दुसरं रॉबर्टचं घर आवरताना, तिसरं सेंट्रल पार्कात. त्यानंतर तिच्या तोंडी एकही गाणं नाही. शेवटाकडच्या बॉलमधलं, म्हणजे नाचाच्या समारंभातलं गाणं तिथला गायक म्हणतो (जॉन मॅक्लॉक्लिन), शेवटचं कॅरी अंडरवुडच्या आवाजात पडद्यामागून येतं. बोलून भागत नाही तेव्हा पात्र गातं, हा संगीतिकेचा साधा नियम. इथे जिझेलला पहिल्यांदा खरा राग येतो, पहिल्यांदा खरं प्रेम होतं, आणि नेमकी तेव्हाच ती मुकी. शहाणं व्हायचं तर गळा जमा करा, असला हा सौदा आहे. याला परीकथेची फिरकी म्हणायचं की संगीतिकेवरचा अविश्वास?

तिसरी_घंटा

साफ असहमत. गाण्यांचा क्रम एकदा लावून बघा. अ‍ॅलन मेंकनचं संगीत, स्टीफन श्वार्ट्झचे शब्द. पहिलं गाणं १९३७ च्या 'स्नो व्हाइट'च्या घाटाचं, थरथरत्या वरच्या सुरांचं. दुसरं त्याच चित्रपटातल्या घरकामाच्या गाण्याची नक्कल, फक्त हरणं-ससे जाऊन उंदीर, कबुतरं आणि झुरळं आलेली. तिसऱ्यात मेंकनने १९८९ मध्ये 'लिटल मर्मेड'ला दिलेला कॅरिबियन ठेका. चौथं १९९१ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या नाचघराची आठवण. पाचवं कंट्री-पॉप, म्हणजे चित्रपट आला त्या वर्षीचं. सत्तर वर्षांचा प्रवास पाच गाण्यांत. या शेवटच्या गाण्यात पात्र स्वतः गात नाही, गाणं मागे वाजतं, कारण २००७ चे प्रेमपट तसेच असतात. ही चूक नाही, योजना आहे.

दुसरं, आपल्या सवयीचा चष्मा काढा. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून पात्र मध्येच गायला लागलं तर आपण विचारत नाही की पेटी कुठून आली. उलट 'वन्स मोअर' देतो. हॉलिवूडच्या प्रेक्षकाला मात्र कारण लागतं. म्हणून पार्कात रॉबर्ट चक्रावतो: मी कधी न ऐकलेलं गाणं या सगळ्यांना कसं येतं? हा प्रश्न एकदा विचारला की पुढचं गाणं त्याचं उत्तर देऊनच यावं लागतं. बॉलमध्ये गायक मंचावर आहे, उत्तर मिळालं.

चोवीसचौकटी

घाट कसा बदलला हे कळलं, पण गातं कोण हा माझा प्रश्न तसाच राहिला. 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या नाचातही नायिका गात नाही हे मान्य, पण तिथे निदान चहाची किटली गाते, आणि ती गोष्टीतलं पात्र आहे. इथे गाणारा गायक कथेचा कुणीच नाही.

आणि इडिना मेंझेलचं काय? रॉबर्टची वाग्दत्त वधू नॅन्सी. 'विकेड' या ब्रॉडवेच्या संगीतिकेसाठी २००४ चं टोनी नाट्यपारितोषिक मिळवलेली, तीही याच श्वार्ट्झची गाणी म्हणून, आणि इथे तिला एक ओळसुद्धा नाही. तिच्यासाठी आणि एडवर्डसाठी (जेम्स मार्सडन) एक युगुलगीत लिहून तयार होतं, ते गाळलं. परिणाम दिसतोच. नॅन्सी शेवटी अँडलेशियात उडी मारते ते नाचताना झालेल्या दोन नजरांच्या जोरावर. गाणं असतं तर ती उडी पटली असती. नवी कोरी सतार घेऊन तिच्यावर कपडे वाळत घालण्यातला हा प्रकार.

ट्रॉलीवाला

पार्कातल्या गाण्याविषयी थोडं तपशिलात, कारण त्याच्यानंतर नायिकेला गाणं का देता आलं नाही याचं एक रोकडं कारण तिथे आहे.

गाणं आहे जेमतेम पाच मिनिटांचं, चित्रीकरणाला लागले १७ दिवस. त्यात कडक ऊन मिळालं फक्त ७ दिवस. १५० नर्तक, शिवाय ३०० जादा कलाकार. नृत्यदिग्दर्शक जॉन ओ'कॉनेल. आवाज आधी ध्वनिमुद्रित, जागेवर प्लेबॅक. आपल्याकडच्या बाहेरच्या गाण्यांसारखंच, फक्त पसारा अफाट.

ऊन का हवं? एका ओळीत ती पुलावर, पुढच्या ओळीत कारंज्याच्या चौकात, आणि ताल एक क्षणही तुटत नाही. सावल्या तुटल्या की डोळ्याला जोड दिसतो. ढग आला की सावली पसरट होते, रंग उतरतात, आणि आधीच्या दिवशीचा तुकडा याला चिकटत नाही. दीडशे माणसं उन्हाची वाट पाहत उभी करायची म्हणजे मीटर चालूच. दुपारी सावली पायाखाली येते तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून जवळचे शॉट सकाळी किंवा उतरत्या उन्हात ठेवतात आणि लांबचे मध्ये. त्यात डेम्प्सीचे चाहते गर्दी करायचे ते वेगळंच. टाइम्स स्क्वेअरमध्ये तर गर्दी आवरणं अशक्य म्हणून पुढे आपली माणसं आणि मागे खरेच रस्त्यावरचे लोक, असा तोडगा काढला होता.

हा डोंगर चढल्यावर नायिकेला आणखी एक गाणं दिलं असतं तर ते उतारावरचं झालं असतं. सर्वांत मोठं गाणं मध्ये लावलं की पुढे आवाज खाली आणणं एवढंच हातात राहतं. चूक असेल तर जागेची आहे, गळ्याची नाही.

अवांतर: ऑस्करला या एका चित्रपटाच्या तीन गाण्यांना नामांकन होतं आणि तिन्ही हरली, जिंकलं 'वन्स'मधलं गाणं. पुढच्या वर्षापासून एका चित्रपटाची दोनच गाणी, असा नियम झाला.

कुंचला

सगळे गाण्याच्या मागे लागलात, पण रोग पहिल्या दहा मिनिटांत आहे.

१०७ मिनिटांच्या चित्रपटात हाताने काढलेलं काम साधारण १३ मिनिटं, त्यातली १० सुरुवातीलाच. ते डिस्नीच्या घरात झालेलंच नाही. २००४ नंतर त्यांनी हाताने काढण्याचा विभाग जवळजवळ मोडीत काढला होता, माणसं पांगली होती. काम गेलं पॅसाडीनातल्या जेम्स बॅक्स्टरच्या छोट्या स्टुडिओकडे आणि त्याला जवळपास वर्ष लागलं. का, ते हिशेबाने बघा. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. दहा मिनिटांना एका पात्राची ७,२०० चित्रं. दोन पात्रं चौकटीत आली की दुप्पट. कच्चं रेखाटन, सफाई आणि रंग हे टप्पे वेगवेगळे.

एमी अ‍ॅडम्सला पोशाखात उभं करून चित्रण केलं आणि ते समोर ठेवून रेखाटन झालं. याचा फायदा नीट पाहिलात तर हातांत दिसतो. कार्टूनमधली जिझेल बोटं जशी फुलवून धरते, तशीच ती टाइम्स स्क्वेअरमध्ये धरते. कार्टून आणि खरी माणसं मिसळणारे चित्रपट बहुधा या सांध्यावरच फुटतात, रेषेतली मुलगी वेगळी आणि नटी वेगळी वाटते. इथे सांधा घट्ट आहे.

मग चुकलं काय? लिमाने डिस्नीच्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुणा त्या दहा मिनिटांत कोंबल्या. अँडलेशिया हे ठिकाण वाटतच नाही, वाटतो तो विनोद. ज्या घराची ओढ प्रेक्षकाला लागली नाही, ते घर नायिकेने सोडलं काय नि न सोडलं काय. गळा थांबला याचं दुःख होत नाही, ते म्हणून. चोवीसचौकटी, तुमचा निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं.

एक व्यावहारिक सूचना. सुरुवातीचं कार्टून अरुंद चौकटीत आहे (१.८५ ला १) आणि न्यूयॉर्क आलं की पडदा रुंद होतो (२.३५ ला १). घरच्या टीव्हीवर कार्टूनच्या चारी बाजूंना काळं दिसतं. लोक सेटिंग बिघडलं समजून झूम दाबतात आणि जग रुंदावण्याची ती गंमत कापून टाकतात. रिमोटला हात लावू नका.

शिवणटीप

गाणं थांबलं तरी जिझेलचं बोलणं थांबलेलं नाही, ते कपड्यांत गेलंय. वेशभूषा मोना मे हिची.

लग्नाच्या झग्याचं वजन ४५ पौंड, म्हणजे वीस किलोच्या आसपास. आत धातूचं कडं, त्यावर वीस थर झालरी आणि परकर. एकेका झग्याला सॅटिन आणि इतर कापड मिळून २०० वार. आपल्या हिशेबाने बावीस नऊवारी लुगडी एका बाईच्या अंगावर! सगळा भार कमरेवर, त्यामुळे चालताना अंगाला आपोआप तो तरंगता डौल येतो आणि दिवसाअखेर कंबर मोडते. असे अकरा झगे शिवले होते. गटारातून येणारी आणि पावसात भिजणारी वधू दाखवायची तर एकावर भागत नाही. एडवर्डच्या पोशाखात खांद्यांना आणि इतरत्र गाद्या भरल्या आहेत, कार्टूनमधल्या राजपुत्राची छाती माणसाला नसते म्हणून.

मग ती रॉबर्टचे पडदे कापून झगा शिवते. पडद्यात उरलेलं भोक नेमकं झग्याच्या आकाराचं, तो शॉट मला आख्ख्या पार्कापेक्षा प्रिय आहे. पुढे घेर दर प्रसंगाला कमी होत जातो. बॉलमध्ये बाकी सगळे जुन्या काळच्या घेरदार पोशाखांत आणि ही एकटीच सरळ, अंगासरशी झग्यात, केसही सरळ. शहर परीकथा घालून आलंय आणि परीकथेतली पोरगी शहर घालून. यावर गाणं कशाला हवं?

रोखठोक

आणि तो सरळ झगा आला कुठून, ते पण सांगा की ताई. मॉर्गन बापाचं अडीअडचणीसाठी ठेवलेलं क्रेडिट कार्ड काढते आणि दोघी खरेदीला जातात. परीची कांडी गेली, कार्ड आलं. चित्रपटाला ते खटकतही नाही.

डिस्नीने स्वतःची टिंगल केली म्हणून टाळ्या पडल्या. रॉबर्टच्या वकील कंपनीचं नाव चर्चिल, हार्लाइन आणि स्मिथ, म्हणजे 'स्नो व्हाइट'चे संगीतकार. नॅन्सीचं आडनाव ट्रेमेन, सिंड्रेलाच्या सावत्र आईचं. रॉबर्टची सेक्रेटरी जोडी बेन्सन, जलपरी एरियलचा आवाज. ही टिंगल नव्हे, जुन्या मालाची यादी आहे. साडेआठ कोटी डॉलर घातले, चौतीस कोटी गोळा केले. आपल्याच दुकानावर आपणच विनोद करायचा आणि दाराशी तिकीटही फाडायचं.

शिवणटीप

कार्डाचा मुद्दा मान्य, तिथे लेखकाने आळस केला. पडदे कापणाऱ्या मुलीला तो झगा स्वतः शिवू द्यायला हवा होता. पण शेवटी ती स्वतःचं कपड्यांचं दुकान काढते हे का विसरता? सिंड्रेलासाठी उंदीर शिवत होते ते बॉलला जाता यावं म्हणून. इथे उंदीर-कबुतरं हिच्या दुकानात हाताखाली आहेत.

रोखठोक

बिनपगारी.

तिसरी_घंटा

😀 पण तलवारीचं काय? नरिसा ड्रॅगन होऊन रॉबर्टला उचलते, वूलवर्थ बिल्डिंगवर चढते आणि मागे तलवार घेऊन जाते ती जिझेल. वूलवर्थ १९१३ ची, वर गॉथिक कळस, तिला व्यापाराचं कॅथेड्रल म्हणत. परीकथेचा बुरूज न्यूयॉर्कात शोधायचा तर याहून नेमकी जागा नाही. आणि बुरुजात अडकलाय राजपुत्राच्या जागेवरचा वकील. इतकी उलटापालट एरवी कुणी केली होती?

चोवीसचौकटी

अर्धीच केली. ड्रॅगन पडतो तो खारीएवढ्या पिपच्या वजनाने. तो चिपमंक टोकावर येतो, तोल जातो, राणी खाली. नायिकेच्या हाती तलवार दिली आणि काम उंदरापेक्षा जरा मोठ्या प्राण्याकडून करून घेतलं. त्याआधी विषारी सफरचंद आणि चुंबनाने जाग, जसंच्या तसं. ट्रॉलीवाल्यांचा उताराचा मुद्दा पटतो. तिसऱ्या घंटेची योजना मात्र मला अजून नंतर लावलेली सबब वाटते.

तिसरी_घंटा

मग शेवटचा पुरावा देते. पार्कात रॉबर्ट काय म्हणतो? आपण नाचत नाही, आणि गात तर मुळीच नाही. आता बॉलमधला नाच परत लावा. गायकाकडे बघू नका, रॉबर्टचे ओठ बघा. नाचता नाचता तो तिच्या कानाशी, गायक म्हणतोय त्याच गाण्याच्या ओळी हळूच म्हणतो. जिझेलचं गाणं संपलेलं नाही, ते त्याला लागलंय. ती गप्प आहे कारण आयुष्यात पहिल्यांदा ती ऐकतेय. तोवर ती एकटीच गात होती आणि बाकीचे साथ देत होते.

चोवीसचौकटी

आत्ता परत लावून पाहिला. म्हणतोय खरा. पण मंचावरच्या गायकाचा आवाज इतका वर ठेवलाय की रॉबर्टचं गाणं जवळजवळ बुडतं. एवढा मोठा बदल आणि तो असा कुजबुजीत! त्या चार ओळी जरा वर उचलल्या असत्या तर हा धागा काढायची वेळच आली नसती.

ट्रॉलीवाला

वर उचलल्या असत्या तर तुम्हीच लिहिलं असतं, शहरातला वकील भर बॉलमध्ये गातो कसा म्हणून.