महाडीबीटी : ॲडमिशनची वाट बघू नका

तुम्ही लिहिलंय की मुलीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन पक्की झाली की मग महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) स्कॉलरशिपची कागदपत्रं जमवू, तर प्लीज तेवढं थांबू नका. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच सेतू केंद्रात टाका, निकाल लागला की तिथे नुसती झुंबड उडते. त्यातल्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवी, मॅनेजमेंट कोट्याला मिळत नाही, म्हणून अलॉटमेंट लेटर जपून ठेवा.

आणि पासबुक अपलोड केलं की झालं असं काहीजण म्हणतात, ते पुरेसं नाही हो. पैसे येतात ते मुलीच्या आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेल्या खात्यात, आणि बऱ्याच मुलांचं आधार शाळेत असताना काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्यालाच जोडलेलं असतं, मग अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. बँकेत नुसती केवायसी नको, डीबीटीसाठी आधार सीडिंग, म्हणजे खातं आधारला जोडणं, करायचंय असं स्पष्ट सांगा. आधारला चालू मोबाईल नंबर आहे ना तेही बघा, ओटीपी त्यावरच येतो.