खाडीकाठच्या नव्या संकुलांनी पावसाचं पाणी आवारातच थोपवावं का?

खाडीकाठ:
नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडे खाडीलगत टॉवर वाढताहेत. माझं स्पष्ट मत आहे की पावसाचं पाणी आवारात काही तास थोपवून, गाळून, मग सावकाश नाल्यात सोडायची सोय नसेल तर नव्या संकुलाला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी, देऊच नये. एका एकरावर १०० मिमी पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. मोकळ्या जमिनीवर ते रेंगाळत जायचं. पोडियम (टॉवरखालचा पार्किंगचा पक्का चौथरा) आणि पेव्हर ब्लॉक आले की तेच पाणी पार्किंगमधलं तेल, टायरची काजळी, कचरा घेऊन खाडीकडे धावतं. काम चालू असताना तर तळघराच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पंप लावून सरळ नाल्यात सोडतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला, पण रोहित पक्षी ज्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात त्यावर आपण गाळ ओततोय.

वनबीएचके:
आणि खर्च? बिल्डर तो चौरस फुटाच्या भावात वसूल करणार. आधीच घर परवडत नाही. आमच्या सोसायटीत पाणी जिरवायचा खड्डा आहे, नकाशावर. प्रत्यक्षात त्यावर बाईक उभ्या असतात.

स्थापत्यवाला:
मुळात नवी मुंबईचा बराच भाग भरावावर उभा आहे, म्हणून तर धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद होतात, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला खाडीत जातो. आज त्या तलावांत गाळ आहे, वर खारफुटी वाढलीय आणि ती हटवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. आधी हे सोडवा. सार्वजनिक काम प्रत्येक सोसायटीच्या गळ्यात का घालायचं? शिवाय इथे खाली खाडीची चिकणमाती आणि भूजल हाताशी. शोषखड्ड्यात पाणी जिरणार कुठे?

खाडीकाठ:
@स्थापत्यवाला, जिरवा असं मी म्हणतच नाहीये, थोपवा म्हणतोय. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की चार-पाच तास निभावायचे असतात. टाकी तेवढा वेळ धरेल, मग रिकामी होईल. त्यामुळे डासांचीही भीती नाही, अळीचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. तलाव साफ व्हायलाच हवेत, पण साइटवरून गाळ येतच राहिला तर ते पुन्हा भरतील.

दिवाळे_कोळीवाडा:
दादांनो, तुमचं सगळं पावसाबद्दल चाललंय. पाणथळीला भरतीचं पाणीही लागतं. नेरूळच्या डीपीएस तलावात, जिथे रोहित पक्षी उतरतात, ते यायची वाट अडली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला. टाक्या बांधा, माझी ना नाही. पण संकुलाच्या रस्त्यासाठी, भिंतीसाठी खाडीचं तोंड बुजवलंत तर गाळलेलं पाणी कुणासाठी? आमच्या होड्या आताच ओहोटीला गाळात रुततात. नकाशा मंजूर करताना भरतीच्या वाटा आधी आखा, मग इमारत.

स्थापत्यवाला:
ताई, हे पटलं. हे नगररचनेच्या टप्प्यावरच व्हायला हवं, नंतर दुरुस्त होत नाही.

खाडीकाठ:
मलाही. मूळ मागणीत हे धरा. आणि टाकीची तपासणी दरवर्षी जूनच्या आधी, लिफ्टची होते तशी.

वनबीएचके:
तपासणीत टाकी नापास झाली तर भुर्दंड आम्हालाच. रेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्यात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरवर असते, तशीच या टाकीची देखभालही त्याच्यावर टाका. तेवढं झालं तर माझा निम्मा विरोध संपला. भाववाढीचा राहतोच.