चॉकलेट कारखान्यातले ऊम्पा-लूम्पा: गंमत की वेठबिगारी?

वाचणारी आई
लेकीला रात्री रोआल्ड डालचं 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' वाचून दाखवतेय. शाळेत असताना वाचलं होतं, तेव्हा चॉकलेटची नदी तेवढी लक्षात राहिली. आता मोठ्याने वाचताना ऊम्पा-लूम्पांपाशी जीभ अडखळते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: गरीब घरातला चार्ली आणि आणखी चार मुलं विली वाँकाचा चॉकलेट कारखाना बघायला जातात. त्याआधीची गोष्ट अशी, की वाँकाच्या पाककृती हेर चोरतात, म्हणून तो सगळ्या कामगारांना एका दिवसात घरी बसवतो. पुढे धुराडं पुन्हा धुमसायला लागतं, पण गेटमधून ना कुणी आत जाताना दिसतं ना बाहेर येताना. मग कळतं की लूम्पालँडच्या जंगलातून त्याने गुडघ्याएवढी माणसं, म्हणजे हे ऊम्पा-लूम्पा, आणलीत, भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून, चोरून. तिकडे बिचारी हिरव्या सुरवंटांचा लगदा खायची. इथे पगार कोकोच्या बियांत. आणि हे सगळं वाँका उपकार केल्यासारखं सांगतो.

1964च्या पहिल्या आवृत्तीत हे लोक सरळसरळ आफ्रिकेतले काळे पिग्मी, म्हणजे बुटक्या जमातीतले लोक होते. सिनेमा निघणार म्हटल्यावर अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संघटनेने हरकत घेतली. 1971च्या सिनेमात त्यांना नारिंगी कातडी आणि हिरवे केस मिळाले, आणि 1973मध्ये डालने पुस्तकातही त्यांना गोरं करून टाकलं. रंग तेवढा बदलला. खोकी, बियांचा पगार, गेटबाहेर न पडणं, सगळं जिथल्या तिथे. लोक 'छुपा संदेश' म्हणतात, मला तर यात लपवलेलं काहीच दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

फटकळ
अहो, जरा दमानं! त्याच पुस्तकात एक मुलगा पाइपात शोषला जातो, एक मुलगी फुगून ब्लूबेरी होते. त्यांच्या आईबापांनी पोलिसात तक्रार का केली नाही, हेही विचारणार का? आपली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते, तिच्याकडे कुणी परवाना मागितलेला ऐकला नाही. (हलकेच घ्या.)

डाल गरिबाच्या बाजूचा आहे. चार्लीच्या घरचं कोबीचं पाणचट सूप, एका पलंगावर चार आजी-आजोबा, टूथपेस्टच्या ट्यूबना टोपणं बसवणारा बाप. ही गरिबी त्याने किती जवळून लिहिलीय! शिवाय त्याच्या पत्नीनेच 2017मध्ये सांगितलंय की चार्ली मुळात काळा मुलगा होता. अशा माणसावर वर्णद्वेषाचा शिक्का मारायचा?

वाचणारी आई
शिक्का कुणी मारला? टोपणं बसवणाऱ्या बापाचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. टूथपेस्टचा कारखाना बंद पडतो आणि घरात उपासमार सुरू होते. म्हणजे नोकरी गेली की घराचं काय होतं, हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. मग वाँकाने घरी बसवलेल्या शेकडो लोकांच्या घरचं सूप का दिसत नाही?

आणि प्रयोग? ब्लूबेरी करणारं ते च्युइंगगम वाँकाने आधी वीस ऊम्पा-लूम्पांवर करून पाहिलंय, वीसही जण ब्लूबेरी झालेत. वर तरंगवणारं पेय एका म्हाताऱ्या ऊम्पा-लूम्पाला पाजलं. ढेकर दिला की खाली येता येतं, त्याने काही दिला नाही. गेला वर, पुन्हा दिसला नाही. लेक खदखदून हसली. मीही हसले, डालने लिहिलंयच तसं.

रत्नांग्रीकर
थोडं अवांतर. डाल इंग्लंडमधल्या रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरी कंपनी मुलांना चव बघायला नव्या चॉकलेटांची खोकी पाठवायची, गोष्टीचं बीज तिथलं. याच कॅडबरीला 1901च्या सुमारास कळलं होतं की आपला कोको आफ्रिकेजवळच्या ज्या साओ टोमे बेटावरून येतो तिथे अंगोलातून आणलेले लोक गुलामासारखे राबतात. खरेदी थांबवली 1909मध्ये. उशिरावर टीका करणाऱ्या 'स्टँडर्ड' वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा खटला भरून कंपनी जिंकली, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! डालच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण जहाजात भरून आणलेली माणसं आणि कोको ही जोडी त्याने हवेतून काढलेली नाही.

आमच्या भागातूनही लोक करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेले. त्यांनाही तिकडे सुख आहे असंच सांगितलं होतं.

सहावी-ब
मी इंग्रजी शिकवते. तुम्ही सगळे ऊम्पा-लूम्पांवर भांडताय, मुलांना मात्र भलतंच लागतं. वर्गात हे पुस्तक वाचलं आणि एका गुबगुबीत मुलाचं नाव ऑगस्टस पडलं, म्हणजे पाइपात शोषला जाणारा तो हावरट मुलगा. डबा उघडला की मागच्या बाकावरून ऊम्पा-लूम्पा त्याच्यावर म्हणतात ते गाणं सुरू. शेवटी त्याने डबा आणणंच बंद केलं. कोकोच्या बियांबद्दल एकानेही विचारलं नाही.

2023मध्ये प्रकाशकाने ऑगस्टसचा 'लठ्ठ' काढून नुसता 'प्रचंड' ठेवला, ऊम्पा-लूम्पा 'छोटे पुरुष' होते ते 'छोटे लोक' झाले. गदारोळ झाल्यावर जुना मजकूरही विकत राहू असं जाहीर केलं. माझं मत, या खाडाखोडीने काडीचा फरक पडत नाही. हावरट मुलाला फजितीची शिक्षा आणि वर त्यावर गाणं, हा गोष्टीचा कणाच आहे.

फटकळ
बाईंशी सहमत. म्हणूनच म्हणतो, कणा काढला तर उरतं काय? बंदी घालायची का?

वाचणारी आई
बंदी हा शब्द तुमचाच. मी वाचतेय, उद्याही वाचणार. फक्त शेवट खटकतोच. कारखाना चार्लीला मिळतो, आणि वाँका म्हणतो की निदान ऊम्पा-लूम्पांसाठी तरी तो कुणीतरी चालू ठेवायला हवा. सगळं काम येतं त्यांना, पण मालक म्हणून त्यांचं नाव कुणाच्या डोक्यातही येत नाही.

फटकळ
मग 'ऊम्पा-लूम्पा सहकारी चॉकलेट कारखाना मर्यादित' काढायचा का? तीन वर्षांत चेअरमनपदावरून दोन पॅनेल आणि बियांची थकबाकी!

वाचणारी आई
चालेल की. थकबाकी मागायला गेटबाहेर मोर्चा तरी काढतील.