शकुंतलेच्या रुळाचे फोटो मोबाईलवर कसे काढावं? अन् नरनाळ्याले कधी जावं?

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. गाव आपलं कारंज्याजवळ, शकुंतला म्हंजे मूर्तिजापूरवरून यवतमाळ अन् अचलपूरले जानारी लहान रुळाची रेल्वेगाडी, तिचा रूळ आमच्या वावराच्या धुऱ्याले लागूनच जाते. गाडी बंद पडून वर्स झाले, रूळ गवतात अन् बाभळीत गडप होऊन राह्यला. ब्रॉडगेजचं, म्हंजे मोठ्या रुळाचं, काम लागलं का हे सारं उखडून नेतील, म्हनून म्हनलं त्याच्या आधी फोटो काढून ठेवू. पण मी काढलेला फोटो पाह्यला त कोनीबी म्हनन हे पांदन हाय! आभाळ पांढरंफट, बाकी नुसतं गवत. मोबाईलच हाय जवळ, कॅमेऱ्याची ऐपत नाई, सोयाबीनचे पैसे कुठं गेले ते विचारू नका. दुसरं म्हंजे दिवाळीनंतर दोघं-तिघं नरनाळ्याच्या किल्ल्यावर जायचं म्हनतो, तिथं काय काय काढण्यासारखं हाय? धूळघाटचा तो जुन्या रेल्वेच्या गोल वळणाचा आकडा बी पाहाचा होता.

सातपुड्याचा भटक्या
भाऊ किती वाजता काढले फोटो? मले वाटते दुपारी जेवून खाऊन निंघाले असान. आपल्या इकडचं दुपारचं ऊन सारं चपटं करून टाकते, कॅमेरा लाखाचा असला तरी. सकाळी सूर्य निंघाल्यावर पहिल्या तासात जा, नाईतर सांजच्याले ढोरं घरी येतात तवा.

अन् उभं राहून काढू नका, खाली बसा, मोबाईल रुळाच्या उंचीवर आणा. शकुंतलेचा रूळ अडीच फुटाचा, म्हंजे ७६२ मिलीमीटर, हे वरून काढलेल्या फोटोत समजतच नाई. मधात काहीतरी ठेवा ज्याचं माप लोकाईले मालूम हाय. मी एकदा मित्राची सायकल आडवी टाकली होती, दोन्ही रुळाच्या बाहेर निंघाली, तवा पाहणाऱ्याले समजलं का गाडी किती लहान होती.

आणखी एक गोष्ट सांगतो, हे कोनी करत नाई. रुळाच्या बगलेले, जिथं तो मधात बारीक असते ना, तिथं बनवणाऱ्या कारखान्याचं नाव अन् साल उठवलेलं असते. वल्ल्या फडक्यानं माती पुसा, समोरून फ्लॅश मारू नका, दुसऱ्याच्या मोबाईलची बॅटरी रुळाले चिकटून तिरपी धरा, अक्षरं अशी वर येतात का बोटानं वाचता येईन. जंग खरडू मात्र नका. साप-विंचू पाहून हात घाला.

मूर्तिजापूरचा म्हातारा
तुम्हा पोरांना सगळं गोड वाटतं बुवा. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, चार तास लागायचे, उभ्यानं गेलोय मी, कडेवर दुसऱ्याचं पोरगं. यवतमाळची बाजू ११३ किलोमीटर, तिची तर गोष्टच सोडा. ब्रॉडगेज होऊ द्या एकदाची, फोटो कसले काढता.

तरी विचारलंच आहे तर सांगतो. ही लाईन कापसासाठी टाकली होती, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा अन् तिथून मुंबईला. म्हणून नुसता रूळ काढू नका, नोव्हेंबर-डिसेंबरात वेचणी चालू असते तेव्हा धुऱ्यावरून काढा, पुढं पांढरं वावर अन् मागं रूळ. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं, नंतर डिझेल आलं. इंजिनाची शिट्टी काही फोटोत येत नाही, पण त्यात बसलेली माणसं अजून आहेत, त्यांना सोबत न्या. गार्ड कुठं उतरून तिकीट फाडायचा हे तुमच्या मोबाईलला माहीत नाही.

अचलपूरकर
काका बरोबर बोलले, पन मी म्हनतो पळसाले बी जा. फाल्गुनात पळस फुलला का रुळाच्या बाजूनं असा लाल होते का बस. स्टेशनात फोटो काढाचे असन त आधी विचारून घ्या. मले एका जागी एकानं हटकलं होतं, अर्धा तास समजावून सांगा लागलं का मी हेर नाई म्हनून! आमच्या इकडं आले त हौज कटोरा बी पाहून जा, आठ कोनाची पडकी इमारत हाय.

सातपुड्याचा भटक्या
नरनाळ्याचं राह्यलंच. अकोटवरून शहानूरले जा, गेटवर वनखात्याची एन्ट्री लागते, जंगल वाघाचं हाय म्हनून अंधाराच्या आधी खाली या अन् ड्रोन घरीच ठेवा. महाकाली दरवाजा सोडू नका, पांढऱ्या दगडात कमळं अन् अक्षरं कोरलेले हायत. सारा दरवाजा एका फोटोत कोंबायच्या नादात लोकं कमळं विसरतात. एकच कमळ घ्या, जवळून. अन् वर नऊगजी तोफ हाय, तिच्याजवळ मानूस उभा करा, नाईतर लांबी समजत नाई.

धूळघाटले आपल्या मनानं जाऊ नका बरं का. अकोला-खंडवा मीटरगेज जानेवारी २०१७ मधी बंद झाली, गाडी तिथं गोल फिरून आपल्याच रुळावरून वर जाये, लोक त्याले चारचा आकडा म्हनत. पन तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते, चोरून घुसले त केस होईन.

कपाशीवाला
सगळ्याईचे आभार. काल सकाळी बाबाले घेऊन गेलो, म्हाताऱ्या काकाचं आयकून. बाबा म्हने इथं थांबे गाडी, मी म्हनलं इथं त काहीच नाई, त निंबाच्या झाडाकडं बोट दाखवलं, म्हने हे झाड तवा माह्या कमरेएवढं होतं. तिथंच खाली बसून काढला फोटो, बाबा रुळाच्या मधात, एक पाय या रुळावर एक त्या रुळावर. माप आलं बरोबर! पन त्याईनं ऐन टायमाले मान फिरवून "आली का पाय" म्हनलं अन् थोबाड सारं हाललं. रुळावरची अक्षरं बी सापडली, अर्धी जंगानं खाल्ली.

पुन्हा जाईन म्हनतो, पन कापूस फुटून राह्यला, मजूर भेटले त रविवारी, नाईतर वेचणी झाल्यावरच.