बार्टनच्या कालवा-पुलाचं जुनं चित्र, मूळ छपाई कशी ओळखायची?

म्हापशेकर:
शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात एक फ्रेम मिळाली, दगडी तीन कमानी, वरून कालव्यातली बोट चाललीय आणि खाली नदीत शिडाची होडी, नाव बार्टन छापलंय. कागदावर तपकिरी ठिपके आलेत. मूळ छपाई की नंतरची कॉपी? आणि आपल्या पावसात टिकवू कसं?

मांडवीकाठ:
काय वस्तू मिळवलीस! इंजिनिअर जेम्स ब्रिंडलीने ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरसाठी हा कालवा-पूल इंग्लंडमधल्या इर्वेल नदीवर बांधला, १७६१ ला सुरू, वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला. पाणी गळू नये म्हणून आत मळलेल्या चिकणमातीचा थर ठोकून बसवलेला, मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. मँचेस्टरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. १८९३ ला शिप कॅनॉलसाठी (जहाजांचा मोठा कालवा) पाडला, आता तिथे पाण्यासकट फिरणारा लोखंडी पूल आहे.

आल्तिनोवाली:
भिंगाने बघ, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर नंतरची कॉपी. कोरीव रेषा आणि चित्राभोवती प्लेट दाबल्याची चौकट असेल तर तांब्याच्या प्लेटवरची छपाई असण्याची शक्यता बरीच. ब्लीच वगैरे अजिबात लावू नकोस! बाहेरच्या भिंतीवर टांगू नको, पावसात ती ओल धरते, आणि कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घालून घे.

म्हापशेकर:
थँक्यू ताई, बघितलं, जाळी नाही, रेषाच आहेत! चौकट माउंटखाली असेल, फ्रेमवाल्याकडून उघडून घेतो.