आम्स्टरडॅममध्ये एका पगारात संसार होतो का? (हिशोबासकट)

मेतकूट

काल डीमेनला भाड्याचं घर बघायला गेलो होतो. दार उघडलं तर हॉलमध्ये नुसतं सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी, आणि भिंतीशी रचून ठेवलेल्या लॅमिनेटच्या फळ्या. इथे अशा घराला 'काल' म्हणतात, म्हणजे बोडकं. जमीन भाडेकरूची, जाताना तो ती उखडून नेऊ शकतो! हा गृहस्थ म्हणाला, आतल्या दोन खोल्यांतलं अजून काढलेलं नाही, 900 युरो देत असाल तर सगळंच ठेवतो.

परतीच्या 19 नंबर ट्रॅममध्ये हिशोब मांडला. घरात आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी, पगार माझा एकट्याचा. पेन्शन कापून हातात 4,650. आम्स्टलवेनच्या सध्याच्या घराचं भाडं 1,950. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट मिळून 260. दोघांचा आरोग्यविमा 310. किराणा-भाजी 550. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता 480. शिवाय महापालिकेचा कचरा कर, पाण्याच्या मंडळाचा कर आणि वर्षातून एकदा तिघांची तिकिटं.

आज भागतंय. पण 30 टक्के रुलिंग (बाहेरून आलेल्या नोकरदाराच्या पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त, तोही पाचच वर्षं) मार्चमध्ये संपतंय. मग हातात चार हजारसुद्धा पडणार नाहीत. माझं स्पष्ट मत: मूलबाळ असलेल्या माणसाने एका पगाराच्या भरवशावर या शहरात येऊ नये. कंपनीवाले पगाराचा आकडा सांगतात, सहाव्या वर्षाचा सांगत नाहीत.

दीडशहाणा

हिशोब अर्धा आहे. मुलीच्या शाळेची फी किती? लिहिली नाही, कारण ती नाहीच. पालकांची वर्गणी असते, तीही ऐच्छिक. तिच्या विम्याचा हप्ता? शून्य, अठरापर्यंत. तिचे दात? विम्यातून. गाडीचा हप्ता, पेट्रोल, ड्रायव्हर? तुम्ही ट्रॅमने हिंडताय. हेच तुम्ही बाणेरला राहून शाळा, शाळेची बस, क्लास, गाडी आणि सोसायटीचा मेंटेनन्स धरून मांडा, म्हणजे कळेल.

आणि किराण्याला 550? शनिवारी संध्याकाळी डाप्पर मार्केटला जा. गाड्या आवरायच्या वेळी एक-एक युरोला भांडंभर माल ओतून देतात. मागच्या आठवड्यात मी सहा वांगी, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि डझनभर लिंबं चार युरोत आणली. आल्बर्ट काउपला पर्यटक जातात, तिथे वॉफल खायची, भाजी घ्यायची नाही.

सांगलीकर

वा! चार युरोची वांगी दाखवून 1,950 चं भाडं झाकलंत. वांग्यांत वाचवून वाचवून महिन्याला शंभर वाचतील हो, पण घराचं काय? एजंट पहिल्याच ईमेलमध्ये विचारतो, पगार भाड्याच्या तिप्पट आहे का? असला तरी त्याच घराच्या मागे तुमच्यासारखे कितीतरी जण असतात. आम्ही 2023 मध्ये चार महिने शोधत होतो. एका घराला मालकाने आमच्यासमोर हो म्हटलं आणि संध्याकाळी जास्त भाडं देणाऱ्याला चावी दिली.

महाग काय असेल तर घर. बाकी सगळं फुटकळ. इथला कॅन परत केला की 15 सेंट मिळतात म्हणून शहर स्वस्त होत नाही.

कांदेपोहे

मेतकूट, घराचे गुण मोजून घेतलेत का? 1 जुलै 2024 पासून मधल्या गटातल्या घरांचं भाडंही गुणांवर बांधलंय. चौरस मीटर, स्वयंपाकघर, एनर्जी लेबल, घराची सरकारी किंमत, सगळ्याचे गुण. 186 पर्यंत गुण भरले तर मालकाला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. भाडे आयोगाकडे दाद मागता येते.

मेतकूट

माझा करार 2022 चा आहे. तेव्हा भाडं मुक्त बाजारात ठरलं होतं, म्हणून मधल्या गटाचा नियम मला लागू नाही. डीमेनचं घर मात्र नव्या नियमात बसतं, म्हणूनच धावत बघायला गेलो. नशीब बघा, स्वस्त घर मिळतंय तर त्याला जमीन नाही.

सांगलीकर

आणि त्या कायद्याचा दुसरा परिणाम कोणी लिहीत नाही. आमच्या जिन्यातल्या तीन घरांचे भाडेकरू एका वर्षात गेले आणि तिन्ही घरं मालकांनी विकून टाकली. भाडं स्वस्त झालं, पण भाड्याचं घरच उरलं नाही.

आल्मेरेवाली

मग घ्या ना विकत. आम्ही 2017 मध्ये आल्मेरेला घेतलं. तीन बेडरूम, मागे मेथी लावण्याएवढी बाग. हप्ता तुमच्या भाड्याच्या निम्मा, वर व्याजावर करात सूट. आम्स्टरडॅमचं झाउड स्टेशन ट्रेनने पंचवीस मिनिटांवर. शहराच्या आतच राहायचा हट्ट का? मुंबईत लोक बदलापूरहून येतातच की.

सांगलीकर

2017 साली घर घेतलेल्यांनी सल्ला देताना ते साल ठळक अक्षरात लिहावं, एवढीच विनंती.

मेतकूट

ताई, माझ्या एका पगारावर बँक सव्वातीन लाखांच्या आसपास देते. तेवढ्यात आता आल्मेरेलाही तीन बेडरूम येत नाहीत. वर बंद पाकिटातली बोली, म्हणजे समोरच्याचा आकडा ठाऊक नसताना मागितल्यापेक्षा चाळीस हजार चढवायचे. घराच्या किमतीइतकं कर्ज मिळतं हे खरं, पण वरचढ बोलीचे पैसे किमतीत धरले गेले नाहीत तर ते आपल्या खिशातून जातात.

आणि आम्स्टरडॅमच्या हद्दीत बऱ्याच घरांखालची जमीनही आपली नसते. महापालिका ती भाडेपट्ट्याने देते, 1896 पासून. थोडक्यात, भाड्याचं घर घ्या की विकतचं, पायाखाली आपलं काही नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचं वाचतोय. मी इथे एमएस्सी करतोय. साडेनऊशे युरोत खोली, बाथरूम चौघांत, आणि घरमालक म्हणतो पत्त्याची नोंदणी करायची नाही. नोंदणी नसली की नागरिक क्रमांक अडतो, बँक अडते, सगळंच अडतं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 16 तासच (नाहीतर फक्त उन्हाळ्यात पूर्णवेळ) काम करता येतं, त्यालाही काम देणाऱ्याने परवाना काढावा लागतो. तो काढायला तयार असलेलं एक हॉटेल मिळालंय, भांडी घासतो. काम सुरू केलं की इथला विमा सक्तीचा होतो. नशीब की त्यावर सरकार भत्ता देतं.

तुमच्याकडे महिन्याला हजारेक उरतात आणि तुम्ही रडताय. माझ्याकडे एकवीस तारखेनंतर खिचडी असते. डाप्पर मार्केटची टीप मात्र कामाची आहे, दीडशहाणा. लिंबं सोडून सांगा.

दीडशहाणा

शेपू, बटाटे, पुदिना. साडेचारनंतर जा आणि पिशवी घरून न्या. नोंदणी नाकारणाऱ्या मालकाची गोष्ट मात्र गंभीर आहे. महापालिकेच्या खिडकीवर जाऊन सांगा. तुम्ही खरंच तिथे राहत असाल तर नोंद करायला मालकाच्या मर्जीची गरज नाही.

स्पष्टवक्ती

चर्चा वांग्यांवरून आल्मेरेपर्यंत फिरली, पण मेतकूट यांच्या हिशोबात बायकोचा रकानाच नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

हे शहर दीड पगाराचं आहे. इथल्या लोकांचं बघा: एक जण पाच किंवा चार दिवस कामावर, दुसरी तीन दिवस. बुधवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी उभे असलेले बाप बघा. भाडी, पाळणाघरं, कर, सगळं ते दीड पगार धरून बसवलेलं आहे. एका पगारात भागलं नाही तर त्यात शहराने फसवलं असं नाही.

मी 2019 मध्ये नवऱ्यामागून आले. माझ्या परवान्यावर काम करायला पूर्ण मोकळीक होती, तरी दोन वर्षं मी 'आधी मुलगा मोठा होऊ दे' म्हणत घरी बसले. आता तीन दिवस एका गोदामाच्या ऑफिसात ऑर्डरी बघते. पगार सांगण्यासारखा नाही, पण नवऱ्याचं रुलिंग संपलं तेव्हा घर हललं नाही.

मेतकूट

बोलायला सोपं आहे. ती आर्किटेक्ट आहे. इथे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि डच आल्याशिवाय ऑफिसं दारात उभं करत नाहीत. डच शिकायला गेली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. पाळणाघर तासाला अकरा युरो, आणि बिल अकरा तासांचं, मूल सहा तास राहिलं तरी. सरकारी भत्ता कधी? साधारणपणे दोघंही कामावर असाल तेव्हा. म्हणजे नोकरी मिळवायला पाळणाघर हवं आणि पाळणाघर परवडायला नोकरी. हे चक्र कोणी बांधलं? आम्ही नाही.

स्पष्टवक्ती

हे पटलं. भत्त्याचा नियम वाईटच आहे. पण तो अडथळा तेव्हाचा. आता मुलगी शाळेत जाते. अडीच वर्षांच्या मुलीचा हिशोब पाच वर्षांच्या मुलीला का लावताय? नकाशे काढण्याचं काम त्या नोंदणीशिवाय करता येतं. त्यांनाच विचारा, तुम्ही का उत्तर देताय?

दीडशहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (स्वस्तातले, 35 टक्के सवलतीचं स्टिकर लावलेले.)

कांदेपोहे

लॅमिनेटवर या. 900 अजिबात देऊ नका. त्या फळ्या त्याच्या नव्या घरात मापात बसायच्या नाहीत, आणि काढल्या तर कचरा केंद्रापर्यंत वाहून त्यालाच न्याव्या लागणार. 300 म्हणा आणि गप्प बसा. चावी द्यायच्या तारखेच्या आदल्या दिवशी तोच फोन करेल.

मेतकूट

फोन आला. 350 ला तुटलं, दोन दिवेही सोडून जातोय. हॉलमधल्या उखडलेल्या फळ्या पुन्हा मीच बसवायच्या.

मत बदललेलं नाही: एका पगाराच्या माणसाने येऊ नये. स्पष्टवक्ती यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे मी दोन वर्षांपूर्वी बोलले होते, तेव्हा धागा काढला नव्हतास." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लॅमिनेट कापायची करवत कोणाकडे आहे का? शनिवारपुरती हवी आहे.

रात्रपाळी

करवत नाही, हात आहेत. जेवण मिळणार असेल तर येतो.